ठमीचे पुढचे पाय

गाडीवालीला गल्लीत सगळे याच नावाने ओळखत. वीस वर्षं तिने एका घोडीला गाडीला जुंपून बाजारात भाजीच्या पाट्या पोचवल्या होत्या, आणि रस्त्यात जो आडवा येईल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. ती घोडी म्हातारपणी एका शिंगराला जन्म देऊन त्याच दिवशी गेली. मागे राहिलेल्या पोरीला गाडीवालीने बाटलीने दूध पाजून जगवलं आणि नाव ठेवलं ठमी. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. लोक म्हणत, सगळी हौस ती घोडीवर फेडून घेते. खोटं कशाला बोला, तसंच होतं.

बाटली दिसली की ठमी मागच्या पायांवर उभी राहायची आणि पुढचे दोन्ही पाय गाडीवालीच्या खांद्यांवर टाकायची. तेव्हा तिचं वजन पिठाच्या गोणीएवढं. शेजारी जमून हसत, गाडीवालीही हसे. जनावराला जे शिकवू नये तेच तिने शिकवलं आणि वर त्याचं कौतुक केलं. आयुष्यभर घोडी हाकलेल्या बाईला हे कळू नये? पण माया आली की अक्कल चरायला जाते.

ठमी दोन वर्षांची झाली. गाडीवाली चार दिवस बहिणीकडे राहून आली, तबेल्याचं दार उघडलं, आणि ठमीने आनंदाने पुढचे पाय उचलले. चार माणसांचं वजन खांद्यांवर आलं. गाडीवाली उंबऱ्यावर कोसळली आणि तिचा खुबा मोडला.

दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या. तीन महिने ती खाटेवर होती. नवरा सुतार, अबोल माणूस. चार पायांच्या वस्तूंत त्याचा विश्वास फक्त टेबलावर. तरी बायकोची वेणीफणी, औषधं, तबेला, सगळं त्यानेच सांभाळलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा पडलात तर उठणं नाही, आणि काठी आता जन्माची. ती काठी नवऱ्याने स्वतः केली, हाताला कुठे टोचू नये म्हणून दोन दिवस घासली.

पुलापलीकडचा दूधवाला आपल्या दुधाच्या गाडीसाठी ठमीला मागत होता. माणूस बरा, त्याची जनावरं अंगाने भरलेली असत. नवरा म्हणे, देऊन टाक. ती ताकास तूर लागू देईना. खोड सांगावी तर दूधवाला मारून काढील, लपवावी तर त्याच्या घरातलं कुणीतरी पायाखाली येईल. मनातून तिने ठमीला ठेवायचंच ठरवलं होतं. गाजर दाखवून, हळूहळू, आपणच तिला चार पायांवर उभं राहायला शिकवू.

चौथ्या महिन्यात ती काठी टेकत तबेल्याशी गेली आणि दारातून हाक मारली. ठमीचे कान ताठ झाले. पुढचा एक पाय वर आला. तेवढ्यात गाडीवालीने तोल सावरायला काठी पुढे घेतली. ठमीचा पाय खाली गेला. ती मागे मागे सरकत कोपऱ्यात गेली आणि मान खाली घालून थरथरत उभी राहिली.

"आता नाही चढत ती अंगावर," मागून नवरा म्हणाला. "मी घालवली सवय."

"कशाने?"

तिच्या हातातल्या काठीकडे बघून त्याने मान फिरवली. "तू पुन्हा पडली असतीस तर मी काय करायचं होतं?"

तिच्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या. पण रोज तिची वेणी घालणारे हातही हेच होते. तिने काठी भिंतीला टेकवली आणि मोकळ्या हातांनी ठमीकडे निघाली. एक पाऊल पडलं. दुसऱ्याला नवऱ्याने धरलं नसतं तर ती आडवीच झाली असती. त्याने काठी पुन्हा तिच्या हातात दिली, आणि ठमी कोपऱ्यात आणखी आत सरली.

दुसऱ्या दिवशी दूधवाला आला. तिने त्याला खोड सांगितली, आणि ती कशी गेली तेही सांगितलं. तो म्हणाला, "मग आता विकता कशाला, बाई?"

"मला काठीशिवाय चालता येत नाही."

त्याला वाटलं, बाई काम सोडतेय.

ठमीला बाहेर काढलं तेव्हा गाडीवालीने काठी खाटेखाली ढकलली आणि दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरून उभी राहिली. ठमीने तिला पाहिलं. अंगणाच्या मधोमध थांबून पुढचा एक पाय उचलला. दूधवाल्याने दोरी ओढली.