गहिनीनाथाची शून्यं

तिसगावच्या शाळेचा शिपाई गहिनीनाथ अकरा वर्षं पाऊस मोजत होता. रोज सकाळी साडेआठला तो टोपी नीट करी, अंगणातल्या तारेच्या कुंपणात शिरे, पर्जन्यमापकाचं नरसाळं काढी, बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओती आणि आकडा वहीत टिपी. पाणी नसलं की मात्र तो काहीच लिहीत नसे. घरातली बाजरी सरली तरी ‘वाढली’ म्हणायची रीत. मग पावसापुढे शून्य मांडायचं कसं? शून्य लिहिलं म्हणजे दुष्काळाला पाट मांडला.

चांगल्या सालात चारदोन रिकाम्या जागा कुणाच्या डोळ्यांवर आल्या नाहीत. पण बहात्तरचा पावसाळा जवळजवळ कोराच पुण्याला गेला, आणि त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत हवामान कचेरीचे साहेब स्वतः आले.

“कोरी जागा म्हणजे मोजलंच नाही,” वही मिटत ते म्हणाले. “हे साल बाद करावं लागेल. आणि काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल.”

गहिनीनाथाच्या तोंडचं पाणी पळालं. “साहेब, एक दिस चुकलो न्हाई.”

“पुरावा काय?”

पुरावा काय देणार? कोरड्या बाटलीची पावती कोण ठेवतं?

समोरच्या टपरीतून चहावाले गनीभाई हसले. “पुरावा आमी हाय की. रोज हसायचो त्याला. भर श्रावणात कोरडी बाटली उपडी करून आत डोळा लावायचा. म्हनायचो, गहिनीनाथ, थेंब बघतो का नुसता वास घेतो?”

दुष्काळी कामावर खडी फोडायला निघालेली रंगुबाई थांबली. “आमचा तर भोंगाच हुता ह्यो. कुंपनात शिरला की आमी टोपली उचलायचो. ह्यो चुकला असता तर मुकादमानं आमचा खाडा मांडला असता. इचारा जाऊन, एक तरी हाय का.”

साहेबांनी वही पुन्हा उघडली. “मग तांबड्या शाईनं शून्यं भरा. खाली या दोघांची साक्ष घेतो. हे साल मला हवंच आहे.”

“कोरडं साल?” गनीभाई म्हणाले. “त्याचं काय लोनचं घालता?”

“पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला एक मोठा समुद्र आहे. काही वर्षी तो तापतो. तिकडच्या कोळ्यांना मासा मिळत नाही, आणि पुष्कळदा त्याच वर्षी आपला पाऊस रुसतो, नद्या आटतात. गेल्या साली तो तापला होता. गावोगावची अशी सालं जुळवून पाहिली, तर पुढेमागे पेरणीआधी सांगता येईल.”

“आन् आता निवला का त्यो?” रंगुबाईनं विचारलं.

“निवू लागलाय, असं ऐकतो. वचन देत नाही.”

“नका देऊ. निवतोय म्हनलं तरी बरं वाटतं.”

गहिनीनाथानं टाक उचलला. इतकी वर्षं टाळलेलं शून्य त्यानं एवढंसं काढलं, की साहेबांना चष्मा पुसावा लागला.

“मोठं काढा. पुण्यात दिसलं पाहिजे.”

दुसरं जरा मोठं आलं. रंगुबाई अंगठा उठवून कामावर गेली. ऑगस्टच्या पानावर पोचेतो त्याची शून्यं भाकरीसारखी गोल उतरू लागली होती, आणि गनीभाईंनी चहा आणून ठेवला तरी त्यानं मान वर केली नाही.