गिरजेचा दगड

वैशाखरे गावाच्या वरच्या रानात, ऐनाच्या झाडांआड, मातीचा एक मोठा गोल बांध आहे. लोक त्याला रिंगण म्हणतात. नवसू राहतो त्या रानाखालच्या वाडीत कुणी वारलं की बाराव्याला त्याच्या नावाचा दगड त्या रिंगणात बसवायचा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. दगड बसला की माणूस आपल्या माणसांत मिसळतं. नाही बसला, तर घराच्या उंबऱ्याबाहेर ताटकळत राहतं.

हे रिंगण पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना दाखवलं ते नवसूनंच. तीन दिवस करवंदाच्या जाळ्या तोडून त्यानं हौसेनं वाट करून दिली. साहेब म्हणाले, बांध हजारो वर्षांपूर्वीचा आहे. मग निळा बोर्ड लागला, आत खणायला बंदी आली आणि पहाऱ्यालाही नवसूच लागला. खाकी शर्ट अंगात चढल्यावर स्वारी काय ऐटीत होती! पुढच्याच वर्षी वाडीतला नथू आपल्या आईचा दगड खांद्यावर घेऊन आला, तर नवसूनं त्याला बांधावरूनच परत फिरवलं.

"कायदा म्हंजी कायदा रे," म्हणाला. नथू दगड तसाच खांद्यावर घेऊन पाठमोरा चालू लागला. दगड त्याच्या अंगणात पडून राहिला.

गेल्या दिवाळीनंतर नवसूची बायको गिरजा अंथरुणाला खिळली. शेवटी शेवटी तिचा एकच धोशा होता. "मला आत्याबायच्या बाजूला बसवा. नथूच्या आयेसारखी बाहेर नका ठेवू."

"बसवतो गो," नवसूनं तिचा हात धरून शब्द दिला.

गिरजेच्या बाराव्याला तो तिचा दगड घेऊन रिंगणात गेला. अडवणारं कुणीच नव्हतं, पहारेकरी तर तोच. त्याच्या आईच्या, म्हणजे गिरजेच्या आत्याबायच्या, दगडाशेजारी हातभर जागा मोकळी होती. पहार मातीला टेकली आणि नथूचा तो पाठमोरा खांदा त्याच्या डोळ्यांपुढे आला. मग हात उचलेना. त्या हातभर जागेपाशी बसून तो पोटभर रडला.

तिथून तो तडक नथूच्या अंगणात गेला.

"हिला तुज्या आयेजवळ ठेवू का?"

नथूनं दगडाकडे पाहिलं. "आत बसव की दादा. मी कुनाला सांगनार नाय."

"तुला नाय बसवू दिला रे मी."

नथूनं आईचा दगड थोडा सरकवून जागा केली.

नवसू अजून रोज खाकी शर्ट घालून पहाऱ्याला जातो. फक्त घराबाहेर पडताना उंबऱ्याशी अंग चोरून बाजूनं निघतो. "थांब गो जरा," म्हणतो.