चुगलखोर क्रियापद

माहिती मागायला आलेल्या माणसाला हात हलवत परत पाठवण्यात ज्यांना पराक्रम वाटतो, असे वकील सरकारदरबारी पैशाला पासरी मिळतात. आपल्या वकीलबाई त्यांतल्या नव्हेत. त्यांचं काम एका वाक्यात सांगायचं तर असं : लोकांनी सरकारी कागद मागितला की तो द्यायचा, आणि ज्या माणसाचं नाव फुटलं तर त्याचं वाटोळं होईल, तेवढं काळ्या पट्टीखाली झाकायचं. यावरून कचेरीत त्यांना ‘झाकणबाई’ म्हणत. पाठीमागे म्हणतो, असं म्हणणाऱ्यांना वाटे. बाईंना ते नाव पहिल्या आठवड्यातच कळलं होतं आणि मनापासून आवडलंही होतं. “झाकण म्हणजे काय नुसतं बंद करायची वस्तू आहे होय?” त्या म्हणत. “अहो, उघडतंही तेच!”

माहेरी मात्र आईचं तोंड अजून वाकडंच. लेक वकील झाली ती कोर्ट दणाणून सोडायला, अशी तिची समजूत. आणि लेक बसली कागदाला काजळ लावत. बाई यावर हसायच्या. आपलं काम आपल्याला येतं आणि चोख येतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते लपवण्याची विनयशील सवय त्यांना कधी लागली नाही. नवखे लोक संगणकावर अक्षरांवरून काळी पट्टी ओढतात आणि खाली अक्षरं जशीच्या तशी सोडतात. बाई काळं केलेलं पान छापून पुन्हा स्कॅन करत, मगच बाहेर सोडत. आणि सगळ्यात शेवटी एक वाचन वैऱ्याच्या डोळ्यांनी. म्हणजे ज्याला ते नाव हवंय, तो हा कागद कसा वाचेल, तसं. या वाचनाला दार बंद करून बसायचं आणि फोन उचलायचा नाही, हा त्यांचा नियम.

तर प्रकरण पाणी खात्याचं होतं. एका वस्तीतली मुलं आजारी पडत होती आणि खात्याचे अहवाल सांगत होते, पाणी उत्तम. उत्तम असणारच! वस्तीच्या टाकीचा नमुना म्हणून खात्याच्या कचेरीतल्या नळाचंच पाणी बाटलीत भरून तपासायला जात होतं. खात्याच्याच प्रयोगशाळेतल्या कुणीतरी हे थेट दक्षता कार्यालयात जाऊन सांगितलं. नाव गुप्त राहील, असा सरकारने शब्द दिला. चौकशी झाली, तक्रार खरी निघाली. आता एका वार्ताहराने सगळे जबाब मागितले होते, आणि पाणी खात्याचे मोठे साहेब म्हणत होते, एक ओळही देऊ नका; म्हणून अपिलाची सुनावणी ठरली. खाई त्याला खवखवे. त्या साहेबांचा राग कसा असतो, हे खात्यात सगळ्यांना माहीत होतं. मागे एकाने तोंड उघडलं, तर त्याची बदली अशा ठिकाणी झाली की त्याने नोकरीच सोडली.

बाईंनी सगळे जबाब झाकून तयार केले. नावं, हुद्दे, तारखा, बसायची जागासुद्धा. वैऱ्याचं वाचनही झालं. पाकीट बंद करून दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुनावणीसाठी कचेरीतल्या कपाटात ठेवलं आणि त्या निर्धास्त झाल्या.

सुनावणीच्या दिवशी सकाळी घरात चहा चालला होता. नवरा दातांचा डॉक्टर; दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडायची म्हणून घरी स्वतःचं मिटलेलं. त्याचा फोन वाजला आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंनी चष्मा सावरून संदेश मोठ्याने वाचला : “मी पोहोचले. कुठे आहेस?”

“अगंबाई!” वकीलबाई म्हणाल्या. “कोण ही बया?”

“नंबर अनोळखी आहे,” नवरा म्हणाला. “चुकून आला असेल.”

“चुकून म्हणे! बघा हो सासूबाई, तुमचे चिरंजीव.”

“पण बाईच आहे कशावरून? नाव कुठंय त्यात?” नवरा म्हणाला.

“नाव कशाला हवं? ‘पोहोचले’ म्हणतेय की!”

सासूबाई खो खो हसल्या. नवराही हसला. वकीलबाईंचा हात मात्र कपापाशीच थांबला. पोहोचले. नाव नाही, गाव नाही, आणि तरी बाई!

“मेले मी,” त्या म्हणाल्या आणि चहा तसाच टाकून उठल्या.

कारण त्या जबाबात ‘मी टाकीवर गेले होते’ हे तसंच होतं. ‘मी घाबरले’ होतं. ‘मी दोनदा परत आले’ होतं. नाव काळं करून काय उपयोग? त्या प्रयोगशाळेत बाई एकच होती. साहेबांना नाव शोधायला अर्धं पानसुद्धा लागलं नसतं. इतक्या वर्षांत बाईंनी हजारो पानं झाकली आणि आपलीच भाषा अशी चुगलखोर आहे, हे ध्यानात येऊ नये? रोज बोलतो तीच भाषा ना, म्हणून कानाला खुपत नाही. रिक्षात बसेपर्यंत त्यांनी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. मग पुरे म्हणाल्या. पाकीट अजून आपल्याच कपाटात आहे, म्हणजे काही बिघडलेलं नाही.

कचेरीत दार बंद झालं, फोन बाजूला गेला. बघणं, करणं, सांगणं निरपराध होतं. ‘मी पाहिलं’ पुरुषही म्हणतो, बाईही म्हणते. येणं-जाणं, बसणं-उठणं, घाबरणं मात्र सगळं फितूर. पण फक्त तिचीच क्रियापदं झाकली, तर ती झाकणंच बोट दाखवणार. म्हणून बाईंनी सगळ्यांचीच झाकली. पुरुषांचे गेलो-आलोही काळ्याखाली गेले. जेवणाला सुट्टी मिळाली नाही, पण दुपारी त्या सुनावणीच्या खोलीत शिरल्या त्या नेहमीच्याच ताठ मानेने.

खोली लहान होती. टेबलाच्या टोकाला अपिलाचे अधिकारी, एका बाजूला वार्ताहर, समोर मोठे साहेब. साहेबांच्या मागे फायली घेऊन एक बारीकशी बाई बसली होती. “या आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई,” साहेब म्हणाले. “नोंदी घ्यायला आणलंय.” हजेरीच्या कागदावर तिने नाव लिहिलं. वकीलबाईंनी ते उलटं वाचलं. जबाबावरचंच नाव. जिला झाकण्यासाठी हा सगळा खटाटोप, ती हात लांब केला तर हाताला लागेल इतकी जवळ बसली होती.

वार्ताहराने पानं चाळली आणि तो उखडलाच. “हे काय? नावं झाकलेली पाहिली होती. गेलं-आलंही गुप्त?”

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “वकीलबाई, कारण?”

आता आली का पंचाईत! कारण सांगायचं तर तेच सांगावं लागणार, जे झाकलंय. बाईंनी क्षणभरही खाली पाहिलं नाही. “ज्या शब्दावरून माणूस ओळखू येईल, तो शब्द झाकायचा, असा कायदा आहे. नावच झाका, असं कायदा कुठे म्हणतो?”

साहेब मिशीत हसले. “म्हणजे तक्रार करणारी बाई आहे तर.”

“चोराच्या मनात चांदणं,” असं बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. “तुमच्याकडे बाई एकच, साहेब. तक्रारदार पुरुष निघाला तर एक नाव गळतं, बाई निघाली तर एकच उरतं. दोन्हीकडून माणूस जवळ येतो. म्हणून पुरुष असता तरी मी हेच केलं असतं. सगळ्यांचे जबाब बघा, एकाचंही क्रियापद उघडं नाही. आता कोण बाई आणि कोण बुवा, ते सांगून दाखवा.”

साहेबांनी पानं उलटसुलट केली. सापडेना. मग ते सावकाश म्हणाले, “असं झाकल्यावर अर्थ तरी लागतो का, ते बघू. हा तक्रारीचा जबाब एकदा मोठ्याने वाचू या. अहो बाई, वाचा. माझा चष्मा गाडीत राहिलाय.”

चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता. वकीलबाईंना डाव कळला. जबाब तिच्याच तोंडून आलेला. वाचताना जीभ सवयीने पुढे धावणार. जो शब्द कागदावर नाही, तो एकदा जरी तोंडातून आला, की संपलंच.

“मी वाचते की,” वकीलबाई म्हणाल्या.

“तुम्ही कशाला तसदी घेता?”

“वाचू द्या हो त्यांना,” अधिकारी म्हणाले. “त्यात काय एवढं?”

आणखी हट्ट केला असता तर तोच पुरावा झाला असता. ती बाई पांढरीफटक पडून कागदाकडे बघत होती. वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, “वाचा. फक्त जिथे पट्टी आहे, तिथे ‘काळं’ असं म्हणा. नोंदीत स्पष्ट यायला हवं. प्रत्येक ठिकाणी म्हणा. घाई नाही.”

तिने मान वर केली. दोघींची नजर एकदाच भेटली.

“मी सकाळी टाकीवर काळं,” तिने सुरुवात केली. “तेव्हा दाराला कुलूप होतं. बाटली मात्र भरलेली होती. मी परत काळं आणि विचारलं, की हे पाणी कुठलं.”

वार्ताहराला हसू आलं. तिला आलं नाही. काळं, काळं करत ती पुढे निघाली. मुलांच्या आजाराशी आली तशी गडबडली. “वस्तीतली एक आई मला भेटली. तिचं पोर बघून मी—” आणि थांबली. ओठ हलले. साहेब खुर्चीत पुढे सरकले. वकीलबाईंनी टेबलाखाली मूठ आवळली. बोल ना गं, बोल, एकच तर शब्द आहे!

“पाणी देऊ का?” त्यांनी विचारलं.

“कुठल्या नळाचं, ते आधी विचारा,” वार्ताहर म्हणाला. अधिकारी हसले आणि खोलीचा ताण एकदम सैल झाला.

“काळं,” ती स्पष्ट म्हणाली. आणि शेवटच्या ओळीपर्यंत एकदाही अडखळली नाही.

“अर्थ तर चांगला लागला,” अधिकारी म्हणाले. “मला तरी ते पाणी कुठलं, हे नीट कळलं. जबाब असेच द्या.” त्यांनी सही केली. साहेब चष्मा न शोधताच उठले.

बाहेर जिन्याशी साहेब फोनवर कुणावर तरी ओरडत उभे होते. फायली छातीशी धरून ती बाई वकीलबाईंपाशी थांबली आणि साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मॅडम, तो तक्रार करणारा जो कोणी असेल ना, त्याला माझा निरोप द्याल? म्हणावं, आता पोटभर जेव. कितीतरी दिवसांत त्याच्या घशाखाली घास उतरला नसेल.”

“देईन,” वकीलबाई म्हणाल्या. “पण मला वाटतं, जेवायच्या आधी तो रडेल.”

“रडू दे की,” ती म्हणाली. “पुरुष झाला म्हणून काय झालं?”

आणि डोळ्यांतलं पाणी बाहीने टिपत ती साहेबांच्या मागोमाग जिना उतरली.