वाळ्याची ताटी

दादाराव वानखडे लखनौच्या एका बिअरच्या कारखान्यात पंचवीस वर्षं फिटर होते, पण बिअरचा थेंब त्यांनी कधी जिभेला लावला नाही. नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा दारू न पिण्याची शपथ घेतली होती. त्यांची मुलगी विनया माझी विद्यार्थिनी, म्हणून घरी जाणं-येणं होतं. त्यांच्या पत्नी गयाबाई म्हणायच्या, "हे घोट घेत नाहीत, गुरुजी, पण कपड्यांचा वास मी रोज घेते."

१९८२ साली निवृत्तीला सहा महिने उरले होते. फोरमनची जागा रिकामी होती. शेवटच्या कागदावर 'फोरमन' लिहून यावं, एवढंच त्यांना हवं होतं. एका नव्या बिअरचं काम सोपवताना साहेब म्हणाले होते, "ये काम कर दीजिए, फिर देखते हैं."

बिअरला कडवटपणा आणि वास देणारी हॉप्सची फुलं कारखान्यात नेहमी वाळलेली यायची. त्या सप्टेंबरात हिमाचलातल्या लाहौलहून ओली, हिरवी फुलं बर्फाच्या पेट्यांतून आली. दोन दिवसांत सडली असती. तयार बिअर त्या फुलांवर दिवसभर मुरवायची होती. दादारावांनी मॉल्टचं, म्हणजे मोड आणलेल्या जवाचं, पाणी गाळायची जुनी तांब्याची टाकी अडगळीतून काढली आणि तिला घट्ट झाकण बसवलं. पण तळाच्या जाळीची भोकं झिजून मोठी झाली होती. पाकळ्या नळीत अडकल्या असत्या. नवी जाळी मिळायला आठवडा लागणार होता. स्टोअरमध्ये कूलरला लावायच्या वाळ्याच्या कोऱ्या ताट्या पडल्या होत्या. एक त्यांनी तीनदा उकळून जाळीवर अंथरली, वर थोडी फुलं पसरली आणि पाणी सोडून पाहिलं. पाणी स्वच्छ आलं. हुंगलं, तर वास फक्त फुलांचा.

मदतनीस जगदीश प्रसाद म्हणाला, "दादा, पहले एक बाल्टी बिअर छानकर देख लें? मैं चख लूँगा."

"जो मैं नहीं पीता, वो अपने काम के लिए तुझे क्यों पिलाऊँ?"

"मैं तो वैसे भी पीता हूँ. पाप आपको थोड़े ही लगेगा."

दादाराव ऐकेनात. टाकी भरली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक घोट घेतला आणि ग्लासाकडे बघत राहिले. "दादाराव, ये बिअर है या कूलर का पानी?"

सगळे हसले. दादारावांनी ग्लास नाकाशी नेला. बराच वेळ हुंगल्यावर, फुलांच्या वासाखाली, त्यांना वाळा जाणवला. मॉल्टच्या वाफेनं नाक कधीच बोथट झालं होतं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. जुन्या, झिजलेल्या पान्याबद्दल बोलावं तसं.

"साहब, चखने को तो मैंने..." जगदीशनं तोंड उघडलं.

"गलती मेरी है," दादाराव म्हणाले. सगळी टाकी गटारात सोडावी लागली. ती त्यांनीच धुतली.

महिन्याभरात फोरमनची जागा जगदीशला मिळाली. तो मिठाई घेऊन घरी आला आणि दारातच उभा राहिला. "दादा, मैंने माँगी नहीं थी."

"मालूम है. अंदर आ."

मार्चमध्ये निवृत्तीचा कागद आला. विनयानं वाचून दाखवला. "फिटर ही लिखा है, पापा."

"मग काय, फिटरच होतो," ते म्हणाले. कागद घडी करून उशीखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गयाबाईंनी चहा तिथेच नेऊन दिला.