एक्स-रेची पट्टी

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पालथे घातले असते तरी आमच्या थोरल्या साडूंएवढा मेकॅनिकांचा वैरी सापडला नसता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. गाव कडेगावजवळ, घरचा ऊस, आणि उमेदीची वर्षं फौजेत ट्रक चालवण्यात गेलेली. फौजेतून येताना लोक ट्रंक आणतात, यांनी पान्यांचा डबा आणला आणि तो देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवला. स्वतःची मोटारसायकल त्यांनी जन्मात गॅरेजला दाखवली नाही. "डॉक्टर आन मेकॅनिक," ते म्हणायचे, "एकदा हातात गावलो की जलमाचं गिऱ्हाईक."

गाडीच्या सगळ्या अवयवांत त्यांचा जीव पुढच्या शॉकअपवर. त्या दोन नळ्यांना ते पाय म्हणत. नळी जिथे आत शिरते तिथे रबराचं ऑइल सील असतं; ते झिजलं की आतलं तेल नळीवर येतं. याला साडू 'घाम फुटला' म्हणत आणि घाम फुटलेल्या गाडीवरून आलेल्या माणसाला ते पुरता पाहुणा समजत नसत. दारात कोणीही येवो, साडू आधी खाली वाकणार, त्याच्या गाडीच्या नळीवरून बोट फिरवणार, बोटाचा वास घेणार आणि मग आत हाक देणार, "कोरडं हाय. च्या ठेव गं." बोट ओलं निघालं तर चहा लांबला. कारखान्याचे एक साहेब एकदा तासभर अंगणात ताटकळले. त्यांना चहा मिळाला तो त्यांच्या गाडीचं पुढचं चाक निघाल्यावर.

आमची दोघांचीही सासुरवाडी साताऱ्याची. तिथे मेव्हण्याच्या लग्नात हळदीच्या दिवशी नवऱ्यामुलाच्या गाडीला घाम फुटलेला यांना दिसला. मांडवाच्या मागे इंजिनाखाली विटा लावून गाडी वर उचलली, दोन्ही पाय सोडवून घेतले आणि जुनं तेल निथळायला घमेल्यावर उलटे टांगले. नवं तेल दोन्ही नळ्यांत सारखं पडलं पाहिजे. "न्हाईतर गाडी लंगडती." पण माप कशानं घ्यायचं? साडूंनी सासूबाईंच्या धाकट्या नातवाची दुधाची बाटली उचलली, कारण तिच्यावर रेघा होत्या. बाळ रडलं, बायका ओरडल्या, हळद थांबली. साडू शांतपणे एकेक रेघ बघत होते.

सील घालण्याची त्यांची रीतही ठरलेली. नळीच्या टोकावर दुधाची रिकामी पिशवी चढवायची, म्हणजे सीलाचा ओठ फाटत नाही. नव्या सीलाला तेलाचं बोट लावायचं, ते सरळ बसवायचं, आणि त्याच्यावर जुनं सील ठेवून मग प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यानं ठोकायचं. मी एकदा विचारलं, टाकायचंच आहे ते जुनं मध्ये कशाला? म्हणाले, "मार जुन्यानं खायाचा, पाव्हणं. नव्यानं गुमान जाग्यावर बसायचं."

पण सील बदलण्याआधी एक उपाय. निम्म्या गाड्या नुसत्या मातीनं गळतात असं त्यांचं मत होतं. म्हणून एक पातळ पट्टी सीलाच्या ओठाखाली सारून गोल फिरवायची आणि अडकलेली माती ओढून काढायची. या कामाला एक्स-रेच्या फिल्मसारखी वस्तू नाही. आमच्याकडे तिचा तुटवडाही नाही. दवाखान्यांचं मिरज जवळ, त्यामुळे दाराआडच्या खिळ्याला दवाखान्याची पिशवी नाही असं घर आमच्या माधवनगरात शोधावं लागेल. साडूंनी गावातल्या निम्म्या लोकांची हाडं कापून गाड्या साफ केल्या होत्या.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. आमच्या गोतावळ्यात साडूंचा विषय निघाला की एक गोष्ट हटकून निघते: या माणसानं गाडी साफ करायला स्वतःच्याच छातीचा एक्स-रे कापला आणि त्यापायी जीव गमावला. लग्नात, बारशात, ही गोष्ट सांगून लोक हसतात आणि मग चुकचुकतात. मीही हसलो आहे. ती गोष्ट खरी नाही.

त्या वर्षी त्यांचा खोकला जात नव्हता. गावच्या डॉक्टरांनी मिरजेला धाडलं. सकाळी छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे, निघाला, मोठे डॉक्टर दुसऱ्या दिवशी बघणार होते, म्हणून साडू आणि आक्का, म्हणजे बायकोची ती थोरली बहीण, आमच्याकडे मुक्कामाला आले. दुपारी दोघी बहिणी सांगलीला बाजाराला गेल्या. साडूंनी अंगणात माझ्या गाडीवरून बोट फिरवलं आणि ते ओलं निघालं. डबा सोबत होताच. म्हणाले, एखादा जुना एक्स-रे बघा. दाराआडच्या खिळ्याला, मागे उपचाराला आमच्याकडे राहून गेलेल्या सासूबाईंच्या गुडघ्याचा एक्स-रे होता. त्याच खिळ्याला सकाळची पिशवी मीच अडकवली होती. दोन्ही पिशव्या एकाच दवाखान्याच्या. मी हाताला आली ती काढली, आतली फिल्म उघडून न बघता दिली, आणि कात्रीही दिली.

साडूंनी सवयीनं, न बघता, मधूनच तिरकी पट्टी कापली. सीलाखाली सारली, फिरवली. उपयोग झाला नाही. पुसायला म्हणून पट्टी उन्हात धरली आणि तशीच धरून राहिले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "सासूबाईंच्या गुडघ्याला बरगड्या कवा आल्या?"

मग हसू लागले, खोकला येईपर्यंत. ते म्हणाले, सील फाटलंय, मातीचं काम नव्हतंच, आता उघडली आहे तर बदलून टाकू. डब्यात नवं सील होतं. माझ्या गाडीचा पाय त्यांनी त्या दुपारी खोकत खोकत बसवला. बायका फाटकाशी दिसल्या तसं मी उठलो, सांगणारच होतो. त्यांनी काळं बोट वर करून मला थांबवलं आणि हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मला बोलणी खायाची सवं हाय. तुमास्नी पचायची न्हाईत." आणि आक्का अंगणात पाय ठेवतात न ठेवतात तोच त्यांनी मोठ्यानं सांगून टाकलं की मीच काढला, मीच कापला.

आक्का संतापून संध्याकाळच्या एसटीनं एकट्याच गावी गेल्या. सकाळी साडूही डॉक्टरांना न भेटताच परतले. दुसरा फोटो काढायचा, एवढंच होतं. पण आक्का रागानं त्याचं नाव काढीनात, आणि कोणी विचारलं तर साडू म्हणायचे, काढला तर परत कापीन. सगळे हसायचे. मी तरी त्यांना गाडीवर बसवून मिरजेला नेऊ शकत होतो; माझ्या घरापासून ते किती लांब? मी नेलं नाही. नेलं असतं तर तो विषय निघाला असता, आणि बायकोसमोर मला तो नको होता. ऊस तुटून गेल्यावर ते आपणहून गेले, तेव्हा डॉक्टरांनी आधी का नाही आलात म्हणून विचारलं. साडू पुढच्या उसाला नव्हते.

त्यांनी बसवलेलं सील पुष्कळ वर्षं टिकलं. आता गाडी म्हातारी, मीही, दुधापुरता फिरतो. गेल्या महिन्यात त्याच पायाला घाम फुटला. मुलगा म्हणाला, गॅरेजला देऊ. मी नको म्हटलं आणि अंगणात विटा मांडल्या. दुधाची पिशवी चढवली, नवं सील ठेवलं, त्याच्यावर त्यांच्या हातचं जुनं ठेवलं. ठोकायला पाइप उचलला, आणि याही वेळी मार त्यांच्याच सीलानं खाल्ला.

काम झाल्यावर गाडीच्या कडेचा डबा उघडला. ती एक्स-रेची पट्टी मी त्या दिवशी उचलून तिथे ठेवली होती, का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ती खिशात घातली आणि मुलाचं न ऐकता गाडीवरून कडेगावची वाट धरली.

आक्का ओसरीवर शेंगा फोडत होत्या. आता त्यांना कमी दिसतं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दाराच्या उजेडात धरली. तेलानं ती पिवळी पडली आहे, पण बरगड्या दिसतात.

"म्हंजे त्यांनी काढला न्हवता."

"नाही. मी दिला."

त्यांनी मला बोलावं म्हणून मी थांबलो.

"दवाखान्यात पडल्यावर बी मी त्यास्नी सोडलं न्हाई, पाव्हणं," त्या म्हणाल्या. "रोज म्हनायची, तुमी तुमच्या हातानं कापलंय. आवं, हसायचे नुसते. मला वाटायचं, या माणसाला ना जिवाचं काय, ना माझं काय." मग पट्टी उलटसुलट करत, "ही छातीची कंची बाजू?"



पट्टी पदराला पुसून त्यांनी कमरेला खोचली आणि भिंत धरत अंगणात उतरल्या. मला वाटलं, मला जायला सांगतील. त्या माझ्या गाडीपाशी गेल्या, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या, चाचपडत नळी शोधली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. बोट नाकापाशी नेलं.

"कोरडं हाय," त्या म्हणाल्या. "बसा. च्या ठेवते."