नऊ नंबरचा माग

माझंच पदवीचं शेवटचं वर्ष चालू आहे. नोकरी कशी शोधावी हे मी सांगणं म्हणजे आगाऊपणा, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण माझ्यासारखे, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला गेलेले कोणी असतील, त्यांच्यासाठी लिहितो.

मला डेटा अॅनालिस्ट व्हायचं होतं. इंटरनेटवरून परदेशातल्या घरांच्या किमतींची फाइल घेऊन प्रोजेक्ट केला, तो जोडून पुष्कळ अर्ज पाठवले. एकाचंही उत्तर नाही. मग आमच्या वळसंग गावाहून कॉलेजला येताना वाटेत लागणाऱ्या एका टॉवेल कारखान्यात गेलो. मॅनेजर साहेबांना म्हणालो, "तुमची रजिस्टरं एक्सेलमध्ये भरतो. पगार नको."

"दोन महिने बघू. कामाचा निघालास तर ठेवू."

चेकिंगचं रजिस्टर भरलं. चेकिंग म्हणजे प्रत्येक टॉवेल उजेडात धरून तुटका धागा, डाग शोधणं. मग पिव्हट टेबल केलं, म्हणजे त्याच नोंदींची, विणायच्या प्रत्येक मागाची वेगळी बेरीज. नऊ नंबरच्या मागावर खराब माल इतरांच्या दुप्पट. तो माग चालवायचे नरसय्यामामा, तिथले विणकर.

साहेब चार्ट बघून म्हणाले, "शाब्बास. सोमवारपासून नरसय्याला पॅकिंगला टाकतो."

मी खुशीत होतो. पण माग कधी जवळून पाहिला नव्हता, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिकडे गेलो. मामा डबा खात होते.

"माझं नाव काढलंस म्हणे कॉम्प्युटरात."

मी त्यांच्याशेजारी बसलो.

"नवी डिझाइन पहिल्यांदा कुणाच्या मागावर चढती, इचारलंस का?"

"कुणाच्या?"

"माझ्याच की. दुसऱ्याला जमत न्हाय. डिझाइन बसंपर्यंत माल खराब निघतोच. लिवलंय का ते तुज्या रजिस्टरात?"

नव्हतं. डिझाइनचा रकानाच नव्हता.

साहेबांच्या केबिनच्या दाराशी जाऊन थांबलो. चूक सांगितली तर पुढची नोकरी गेली असं वाटलं. न सांगावं, तर मामांचा माग जाणार होता.

"साहेब, रिपोर्ट चुकलाय. दोन दिवस द्या."

"आता हे काय नवीन? बरं, दोनच दिवस."

ऑर्डर बुकातून प्रत्येक डिझाइनच्या तारखा काढून नोंदींना जोडल्या. नव्या डिझाइनचे पहिले दिवस वगळल्यावर सगळ्यात कमी खराब माल नऊ नंबरचा निघाला. साहेबांनी चार्ट पाहिला. "ठीक आहे," एवढंच म्हणाले.

मामा मागावरच राहिले. माझे दोन महिने संपले. नोकरीचा निरोप आला नाही. पुन्हा अर्ज पाठवायला लागलो. या वेळी घरांच्या किमती काढून टाकल्या आणि हेच काम लिहिलं, चुकीसकट. आकडे जिथे तयार होतात तिथे आधी जाऊन उभं राहावं, एवढं मात्र मी आता खात्रीने सांगू शकतो.

तीन आठवड्यांनी, वडिलांबरोबर मेंढरं पाण्यावर नेत असताना साहेबांचा फोन आला.

"नरसय्या विचारत होता, तो चार्टवाला कुठं गेला म्हणून. एक तारखेपासून ये, पगारावर. कॉलेज सांभाळून अर्धा दिवस. आणि नवं रजिस्टर आणलंय, डिझाइनचा रकाना तूच आख."