ताईसाठी आणलेला बर्फ

माझी ताई प्रसूतिगृहात आया होती. एकतीस वर्षं तिनं नुकती जन्मलेली बाळं काट्यावर ठेवली. सगळे तिला 'काटेवाली' म्हणत.

तिच्या स्वतःच्या बाळंतपणात सातव्या महिन्यात साखर निघाली. रोज इन्सुलिन. घरात फ्रिज नव्हता. मी सायकलवरून बर्फ आणायचो आणि इन्सुलिनची बाटली त्यात थर्मासात ठेवायचो. बाकी आठवणींची खात्री देत नाही, बर्फाची देतो.

भाची पावणेपाच किलोची झाली. ताईनं तिला वॉर्डभर मिरवलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "अशा मुलांना पुढे लठ्ठपणा आणि साखर होण्याची शक्यता जास्त असते. हिचं रक्त अधूनमधून तपासत राहा."

ताईनं तो कागद फाडला. "आईला साखर म्हटल्यावर पोरीला कोण करून घेईल?"

वॉर्डातल्या बायकांना मात्र ती डॉक्टरीणबाईंचं तेच वाक्य तोंडपाठ सांगायची.

भाचीचं अंग सुटत गेलं, तशी ताईची जीभही सुटली. "दार रुंद करायला सुतार बोलावू का?" पोरगी हसायची आणि अर्ध्या ताटावरून उठायची.

तिशीत तिला दिवस गेले. दुसऱ्याच महिन्यात रिपोर्टात साखर. दवाखान्यात ताई आणि मी बरोबर गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "आईला गरोदरपणी साखर होती?"

"छे! घरात कुणालाच नाही. मीच खादाड," भाची म्हणाली.

ताई पर्सची चेन उघडझाप करत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, तो बर्फ..."

"कसला बर्फ?" भाचीनं विचारलं.

"सरबताला आणायचा. डोहाळे होते मला," ताई म्हणाली. "मामाचं वय झालंय, कशाचा कशाला मेळ नाही."

"हो का रे मामा?"

भाची माझ्याकडे बघत होती. ताईही बघत होती. त्या नजरेपुढे मी लहानपणीसुद्धा कधी टिकलो नाही.

"हो," मी म्हणालो. "सरबतालाच."

डॉक्टरांनी 'नाही' लिहिलं.

"ऐकलंस?" ताई उठता उठता म्हणाली. "जन्मभर सांगतेय, जिभेला आवर घाल."

जिना उतरताना माझे गुडघे दुखतात म्हणून भाचीनं माझा हात धरला. एकेक पायरी सांभाळून उतरवलं. खाली आल्यावर माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली,

"तू नको वाईट वाटून घेऊस, मामा. चूक माझीच आहे."